मॉरिशसमध्ये खास संध्याकाळ ठरवताय? आधी किनारा, मग टेबल

लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून आम्ही जुलैमध्ये मॉरिशसला गेलो आणि साजरा झाला तो नवऱ्याचा वाढदिवस. झालं असं की, हॉटेलला पाठवलेल्या ईमेलमध्ये मी ‘अॅनिव्हर्सरी’ एवढाच शब्द लिहिला होता. मॉरिशसमध्ये फ्रेंचचा वावर मोठा, आणि फ्रेंचमध्ये ‘आनिव्हर्सेर’ म्हणजे वाढदिवस. चार वेटर टाळ्या वाजवत केक घेऊन आले आणि नवऱ्यासाठी वाढदिवसाचं गाणं म्हणू लागले. त्यानेही उठून मेणबत्ती फुंकली. फुंकायला ती एकच उरली होती, कारण वाळूत मांडलेल्या बाकीच्या सगळ्या वाऱ्याने केव्हाच विझवल्या होत्या. सूर्यास्त बघत जेवायचं म्हणून हा खटाटोप केला होता. पण हॉटेल पूर्व किनाऱ्यावर, त्यामुळे सूर्य आमच्या पाठीमागे, हॉटेलच्या इमारतीआड मावळला. तोही सहाच्या आत. जेवणाची वेळ मात्र साडेसातची.

त्या हॉटेलचं जेवण उत्तम होतं आणि माणसं आर्जवी. चूक माझी होती. मी रेस्टॉरंटचे फोटो पाहिले, मेन्यू वाचला, लोकांचे शेरे वाचले. किनारा कोणता आणि महिना कोणता, एवढंच पाहिलं नाही. त्यानंतर आम्ही पुन्हा एकदा तिथे गेलो आणि दोन भाच्यांच्या हनिमूनची जुळवाजुळवही माझ्याच गळ्यात पडली. त्यातून जो क्रम बसला, तो इथे मांडते आहे.

पहिलं काम: सूर्य किती वाजता बुडतो ते बघा

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण २० अंशांवर आहे. त्यामुळे ऋतू आपल्या उलट. मे ते ऑक्टोबर हिवाळा, नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा. जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या आतच मावळतो, जानेवारीत सातच्या सुमारास. या सव्वा तासाच्या फरकावर तुमच्या संध्याकाळचं सगळं गणित बसवायचं आहे.

बहुतेक हॉटेलांची रात्रीची रेस्टॉरंट्स सात किंवा साडेसातला उघडतात. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत नशीब असेल तर सूपबरोबर आकाशातली शेवटची लाली मिळेल. जून-जुलैत तुम्ही टेबलावर बसाल तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असेल आणि ‘समुद्र दिसणारं टेबल’ म्हणून जादा पैसे मोजले असतील तर ते काळोख बघायला मोजले असतील. शिवाय या अक्षांशावर संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत उजेड संपतो. तेव्हा सूर्यास्त बघायचा असेल तर निदान पाऊण तास आधी तिथे पोचलेलं असावं. ऐनवेळी धावत गेलात तर पार्किंगमधूनच बघावा लागेल.

मग किनारा

बेट लहान आहे, सुमारे ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद. पण चारी बाजूंच्या संध्याकाळी अगदी वेगळ्या असतात.

सूर्यास्तासाठी पश्चिम किनारा. फ्लिक आं फ्लाक, तामारिन, आणि नैर्ऋत्य टोकाला ल मोर्न. या ल मोर्नच्या उभ्या कड्याचा आसरा पळालेल्या गुलामांनी घेतला होता. २००८ पासून ती जागा जागतिक वारशाच्या यादीत आहे. कड्याखालच्या हॉटेलांत टेबल घ्यायचं असेल तर एक प्रश्न जरूर विचारा: टेबल डोंगराच्या कोणत्या बाजूला? द्वीपकल्पाच्या पूर्वेकडच्या अंगाला बसलात तर सूर्य समुद्राआधी डोंगराआड जाईल. या किनाऱ्याचा दुसरा फायदा वाऱ्याचा. वर्षातला बराच काळ वारा आग्नेयेकडून येतो आणि मधले डोंगर तो अडवतात. पूर्वेला मेणबत्ती टिकत नाही त्याच रात्री पश्चिमेला पान हलत नाही, असंही होतं.

वायव्येला त्रू ओ बिश आणि मों श्वाझी. इथेही सूर्यास्त छान मिळतो, आणि ग्रां बे जवळ असल्यामुळे हॉटेलबाहेरच्या रेस्टॉरंट्सची निवड भरपूर. ग्रां बे गजबजलेलं आहे. जेवणानंतर हातात हात घालून फिरायचं असेल तर चालेल, शांतता हवी असेल तर नको. अगदी उत्तरेला काप माल्यूरे, लाल छपराच्या चर्चचं. तिथून समोर क्वां द मीर हे बेट दिसतं. सूर्य तिथे कुठे बुडेल हे महिन्यावर ठरतं: जून-जुलैत तो पश्चिमेच्या जरा उत्तरेला सरकलेला असतो, डिसेंबरात दक्षिणेला.

पूर्व किनारा, म्हणजे बेल मार आणि त्रू दो दूसचा भाग, वाळूसाठी प्रसिद्ध आहे आणि महागडी हॉटेलं इथे पुष्कळ. जून ते सप्टेंबर इथे संध्याकाळी बाहेर जेवायचा हट्ट धरू नका. पण या किनाऱ्याकडे असं काही आहे जे पश्चिमेकडे नाही: चंद्रोदय. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास समोरच्या समुद्रातून वर येतो. माझं मत विचाराल तर पौर्णिमेपेक्षा वद्य प्रतिपदा किंवा द्वितीया धरा. चंद्र रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा उगवतो, त्यामुळे आकाश पूर्ण काळं झालेलं असतं आणि तुम्ही टेबलावर बसलेले असता. तेव्हा तो उगवतो. संकष्टीला चंद्रोदयासाठी ताटकळलेल्या आपल्या लोकांना हे गणित समजावून सांगायला नकोच. कोजागरीच्या आसपास गेलात तर वाऱ्याचा जोरही उतरू लागलेला असतो.

लाटांचा आवाज ऐकत जेवायचं स्वप्न असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे, लाटा दूर तिथेच फुटतात आणि किनाऱ्यापाशी पाणी तळ्यासारखं पडून असतं. आवाज येतो तो लांबून, घरघर केल्यासारखा. खरी आदळआपट दक्षिणेला सुयाकजवळच्या ग्री ग्रीला, जिथे ही भिंत तुटलेली आहे. तिथे दुपारी जा, कड्यावर उभे राहा. रात्रीच्या जेवणाची ती जागा नव्हे. भरती-ओहोटीची काळजी मात्र नको. आपल्या कोकणात पाणी कुठल्या कुठे जातं-येतं, इथे तो फरक जेमतेम अर्धा-पाऊण मीटरचा. वाळूतलं टेबल वाळूतच राहतं.

सूर्यास्त आणि जेवण वेगळं करा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. सूर्यास्त, समुद्र, उत्तम जेवण, एकांत आणि संगीत, हे सगळं एकाच टेबलावर मिळालं पाहिजे हा आपला हट्ट असतो, आणि ‘रोमँटिक पॅकेज’ त्या हट्टावरच विकलं जातं. असं टेबल क्वचित मिळतं आणि मिळालं तर भरमसाट पैसे पडतात. त्यापेक्षा संध्याकाळचे दोन तुकडे करा. सूर्यास्ताला पश्चिम किनाऱ्यावरच्या एखाद्या बारमध्ये एकेक पेय घ्या. किंवा सरळ सार्वजनिक किनाऱ्यावर, फिलाओच्या म्हणजे आपल्या सुरूच्या झाडांखाली चटई टाका आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरची गातो पिमां खा. डाळ वाटून तळलेली ही मिरचीची भजी तुम्हाला थेट घरच्या डाळवड्याची आठवण करून देतील. काळोख पडला की कपडे बदलून, निवांत, जिथे जेवण खरोखर चांगलं आहे तिथे जा. मग तिथून समुद्र दिसो न दिसो. रात्री तो तसाही दिसत नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही असंच केलं. सूर्यास्त फुकट मिळाला आणि वाचलेल्या पैशांत जेवण दुप्पट चांगलं झालं.

रात्रच कशाला?

रोमँटिक म्हणजे रात्र, हे आपण सिनेमांतून शिकलो. मॉरिशसमधली माझी सगळ्यात आवडती जेवणं दुपारची आहेत. उसाच्या मळ्यांच्या काळातले जुने वाडे इथे जपून ठेवलेत आणि त्यांतल्या काहींत जेवण मिळतं. मोकाजवळचं युरेका, १८३० चं, चहूबाजूंनी व्हरांडा आणि तब्बल १०९ दारं. उत्तरेला मापूजवळ शातो द लाबुर्दोने, १८५९ चा, फळबागांच्या मधोमध. दक्षिणेला ब्वा शेरीचा चहाचा मळा. हा १८९२ पासूनचा, वर टेकडीवर रेस्टॉरंट आणि खाली तळं. व्हरांड्यात बसून दोन-अडीच तास जेवायचं, मग बागेत फिरायचं. मेणबत्त्या नाहीत, व्हायोलिन नाही, पण एकमेकांचा चेहरा नीट दिसतो.

शामारेलच्या डोंगरावरही दुपारीच जा. चढावरच्या रेस्टॉरंट्समधून ल मोर्न आणि पश्चिमेचा निळा समुद्र एका नजरेत येतो, वरती रम गाळणाऱ्या डिस्टिलरीचंही रेस्टॉरंट आहे. पण तो भाग मुख्यतः दुपारच्या पाहुण्यांवर चालतो आणि रस्ता वळणावळणाचा. अंधारात, त्यातून रम घेऊन, तो उतरायचं काही कारण नाही. रविवारी आणि सणासुदीला कुठे बंद, कुठे प्रचंड गर्दी, तेव्हा आधी विचारून घ्या. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही गणपती बसवतात आणि किनाऱ्यावर विसर्जनाला नेतात. त्या दिवसांत गेलात तर जेवणाचा बेत एक दिवस पुढे ढकलून ते बघा.

शाकाहारी जोडप्यांसाठी जरा जास्त वेळ

मॉरिशसमध्ये शाकाहारी असण्याचं कुणाला नवल वाटत नाही. मोठ्या हॉटेलांत भारतीय जेवण असतंच. तरी तीन ठिकाणी फसायला होतं.

एक, तळलेल्या नूडल्स, ज्यांना तिथे ‘मिन फ्री’ म्हणतात. भाज्यांच्या मागवल्या तरी ऑयस्टर सॉस असू शकतो. दोन, टोमॅटोचं रुगाय, म्हणजे टोमॅटोचा मसालेदार रस्सा. नाव साधं, पण त्यात खारवलेला मासा किंवा सॉसेज घालायची पद्धत आहे. तीन, ताडाच्या गाभ्याचं सॅलड. याला तिथे ‘करोडपती सॅलड’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, कारण त्या पांढऱ्या गाभ्यासाठी कित्येक वर्षं वाढवलेलं अख्खं झाड तोडावं लागतं. खास दिवसाला खायलाच हवं असं. पण त्यावर धुरावलेल्या मार्लिन माशाचे काप ठेवून आणतात. मासा नको हे मागवतानाच सांगा.

‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर मासे चालतात असं समजणारेही भेटतात, म्हणून वस्तूंची नावं घेऊन सांगणं बरं. तिथल्या क्रिओल बोलीत ‘मो पा मान्झ लाव्यान, मो पा मान्झ प्वासों’ म्हणजे मी मांस खात नाही, मासे खात नाही. अंडं म्हणजे ‘दिझेफ’. उच्चार चुकला तरी वेटर खूश होतो आणि आत जाऊन नीट सांगतो. जैन जेवण किंवा बिनअंड्याचा केक हवा असेल तर निदान दोन दिवस आधी लेखी कळवा. ऐनवेळी मागितलात तर फळांची बशी येईल, वर एक मेणबत्ती.

ईमेल कसा लिहायचा

फोनपेक्षा ईमेल बरा, कारण उत्तर हातात राहतं आणि पोचल्यावर दाखवता येतं. इंग्रजी पुरतं. प्रसंग स्पष्ट लिहा: लग्नाचा वाढदिवस, ‘वेडिंग अॅनिव्हर्सरी’, अमुक वर्षं. नुसतं ‘अॅनिव्हर्सरी’ लिहिलंत तर पुढे काय होतं ते वर वाचलंत. मग हे विचारा:

– टेबल नेमकं कुठे आहे, आणि शेजारचं टेबल किती लांब? ‘खासगी’ म्हणजे किनाऱ्यावर आपण एकटे की ओळीने मांडलेल्या आठ जोडप्यांपैकी एक?
– पाऊस किंवा वारा आला तर कुठे बसवाल? उत्तर ‘मुख्य बुफे हॉलमध्ये’ असेल तर पैसे परत मिळतात का?
– त्या रात्री सेगाचा कार्यक्रम आहे का? सेगा नाच सुंदर असतो, युनेस्कोच्या यादीतही आहे, पण स्पीकरच्या कक्षेत बसून मनातलं बोलता येत नाही. कार्यक्रमाचा वार विचारा आणि तो वार टाळा. किंवा मुद्दाम तोच धरा, पण माहीत असून.
– आकडा दोघांचा की माणशी? पेयं धरून की सोडून? १५ टक्के व्हॅट आत की वर?
– लहान मुलांना त्या रेस्टॉरंटमध्ये येऊ देता का?

हॉटेल हाफ-बोर्डवर, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून घेतलं असेल तर आणखी एक. बहुतेक ठिकाणी तुमचं जेवण बुफेत धरलेलं असतं. खास रेस्टॉरंटला वरचा फरक भरावा लागतो, आणि किनाऱ्यावरचं खासगी जेवण सहसा त्यातही बसत नाही. दुसऱ्या हॉटेलच्या रेस्टॉरंटला जायचं असेल तर बुकिंगशिवाय फाटकावरच अडवतात. हनिमूनची सवलत मागणार असाल तर लग्नाच्या दाखल्याची प्रत जवळ ठेवा.

बक्षिसी सक्तीची नाही. आवडलं तर द्या, हातात द्या.

जायचं-यायचं कसं

बस स्वस्त आणि मजेशीर, पण संध्याकाळनंतर तिच्या भरवशावर राहू नका. गावाकडच्या गाड्या लवकर थांबतात. टॅक्सीचं भाडं बसण्यापूर्वी ठरवा, आणि ठरवताना परतीचंही ठरवा, थांबण्याच्या वेळेसकट. जेवून बाहेर आल्यावर अनोळखी गावात रात्री दहाला टॅक्सी शोधणं हा सगळ्या रोमान्सचा शेवट आहे. गाडी भाड्याने घेतलीत तर वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते. पण मग दोघांपैकी एकाने फक्त लिंबूपाणी. दारू पिऊन गाडी चालवण्याबाबत तिथले पोलिस कडक आहेत. आणि बेट लहान म्हणून अंतर हलकं समजू नका. ग्रां बेहून ल मोर्नला दीड तास सहज जातो, संध्याकाळी पोर्ट लुईपाशी अडकलात तर जास्तच. राहता त्या किनाऱ्यावरच जेवा, किंवा खास जेवण ज्या किनाऱ्यावर आहे तिथे ती रात्र काढा.

बिनसलं तर

नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. तिथे इशाऱ्यांचे एक ते चार असे वर्ग असतात. तिसरा वर्ग लागला की सगळं बंद, माणसं घरात. या महिन्यांत जाणार असाल तर खास जेवण मुक्कामाच्या शेवटच्या रात्री कधीच ठेवू नका. पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवा, म्हणजे पुढे सरकवायला जागा राहते. प्रत्यक्ष लग्नाची तारीख कोणती, हे त्या बेटाला माहीत नसतं.

कपडे, डास, फोन

चांगल्या रेस्टॉरंटमध्ये पुरुषांना पूर्ण लांबीची पँट आणि बंद बूट लागतात. बर्म्युडा घालून गेलेल्या नवऱ्यांना परत पाठवलेलं मी पाहिलंय. साडी नेसायची असेल तर जरूर नेसा, तिथे तिचं कौतुकच होतं. पण वाळूवर टेबल असेल तर पदर पिनेने पक्का करा आणि टाचेच्या चपला खोलीवरच ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये शाल हवी. तिन्हीसांजेला डास येतात, घोट्यांना मलम लावूनच निघा.

आणि फोन. भारत मॉरिशसच्या दीड तास पुढे आहे. म्हणजे खास तारीख भारतात सुरू होते तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. जेवण आदल्या रात्री ठेवलं असेल तर नेमक्या गोडाच्या वेळी पुण्याहून आत्या, नाशिकहून मामा आणि सोसायटीचा अख्खा ग्रुप एकदम उगवतो. आमच्या दुसऱ्या खेपेला नवऱ्याने सव्वादहालाच दोन्ही फोन बंद करून माझ्या पर्समध्ये टाकले. सासूबाई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्याशी बोलल्या नाहीत.